उमेदवारीचा अर्ज

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी अध्यक्षमहाराजांची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. आम्ही १९७५ साली मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि पुढे अडतीस वर्षे खेड्यापाड्यांतील शाळांत मुलांना धुळाक्षरांपासून अर्जलेखनापर्यंत शिकवीत राहिलो. कायद्याशी आमचा संबंध म्हणाल, तर वडिलार्जित जमिनीच्या दाव्यापायी तालुक्याच्या कोर्टात जे खेटे घातले, तेवढाच. तथापि यंदाच्या गुणवंतांत कायद्याचे शिक्षण घेणारी मुले-मुली पूर्वीपेक्षा अधिक आहेत, त्यांच्या उपयोगाचे काही सांगावे, असा आग्रह पडला. म्हणून हा विषय घेतला. वकिलांच्या कचेरीत उमेदवारी मिळविण्यासाठी विद्यार्थ्याने अर्ज कसा करावा, आणि त्याच्या वडीलधाऱ्यांनी व आपल्या संघाने त्या कामी काय करावे व काय करू नये, हे आम्ही आज सांगणार आहोत. यातील उत्तरार्धात आमचा स्वतःचा एक अपराध आहे. तोही येथे कबूल करावयाचा आहे.

उमेदवारी हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. हल्ली त्यास इंटर्नशिप म्हणतात. पूर्वी कायदा शिकणारा तरुण एखाद्या नामांकित वकिलाच्या बिऱ्हाडी जाई, त्याचे दप्तर सांभाळी, नकला करी, आणि पाहता पाहता धंदा शिके. मुंबईत सॉलिसिटरांच्या पेढ्यांत याहून कडक रीत होती. १९७६ च्या कायदादुरुस्तीने अ‍ॅटर्नी हा वकिलांचा निराळा वर्ग उरला नाही. तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा चालू राहिली, आणि तिच्यासाठी तीन वर्षे सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप करावी लागते. म्हणजे पुस्तकातला कायदा आणि कचेरीतला कायदा हे दोन्ही शिकल्यावाचून माणूस वकील होत नाही, ही समजूत पिढ्यान्पिढ्यांची आहे.

आता ती नियमातच आली आहे. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या विद्यार्थ्यास किमान १२ आठवडे उमेदवारी करावी लागते. कोणत्याही एका वर्षी ती सलग चार आठवड्यांहून अधिक असू नये, आणि संपूर्ण शिक्षणकाळात एकदा तरी खालच्या न्यायालयात खटले चालविणाऱ्या व अपिले चालविणाऱ्या वकिलांबरोबर ती झालीच पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. उमेदवारीची रोजनिशी ठेवावी लागते व तिला परीक्षेत गुण असतात. तेव्हा पालकहो, आपला मुलगा सुट्टीत घरी न येता मुंबईस किंवा पुण्यास का राहू म्हणतो, याचे कारण ध्यानी घ्यावे. तो मौजेसाठी राहत नाही.

आता आमच्या अपराधाकडे वळतो. आमच्या पुतण्याची कन्या, म्हणजे आमची नात, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास आहे. तिचे गुण मध्यम. घरात पूर्वी कोणी वकील झालेला नाही. दुसऱ्या वर्षाअखेर, २०२३ च्या मे महिन्यात, तिला उमेदवारी हवी होती. आम्हांस वाटले, यात अवघड ते काय? आपल्याच ज्ञातीतील एका यशस्वी वकिलांकडे आम्ही चिठ्ठी घेऊन गेलो. त्यांनी आमचा शब्द राखला आणि मुलीस चार आठवडे कचेरीत बसविले. बसविले हाच शब्द यथार्थ आहे. कारण ती चार आठवडे पक्षकारांच्या बाकावर बसून होती. तिला कोणी कागद दाखविला नाही, की कोर्टात नेले नाही. महिना संपताच कारकुनाने टंकलिखित प्रमाणपत्र हाती दिले. त्यात तिने संशोधन केले, मसुदे केले, असे लिहिले होते.

आम्ही ते प्रमाणपत्र मोठ्या अभिमानाने वाचले. परंतु ती म्हणाली, "आजोबा, यात लिहिलेलं एकही काम मी केलेलं नाही. उद्या कुणी विचारलं, कोणता मसुदा केलास, तर मी काय सांगू? हा कागद मी अर्जाला जोडणार नाही."

बंधुभगिनींनो, शाळेत असता न आलेल्या मुलाची हजेरी आम्ही कधी मांडली नाही, आणि येथे न केलेल्या कामाची हजेरी आम्ही घरच्या मुलीच्या नावे मांडून घेतली होती. दोष त्या वकिलांचा नाही. त्यांजकडे आम्ही काम मागितले नव्हते, कृपा मागितली होती. आणि कृपेची जी रीत असते, तीप्रमाणे त्यांनी ती केली. दोष आमच्या मागण्यात होता.

त्यानंतर तिने सरळ अर्ज करावयाचे ठरविले. येथेही आमचे शहाणपण आडवे आले. आयुष्यभर अर्जलेखन शिकविल्याचा अभिमान होताच. आम्ही मराठीत मजकूर सांगितला, तिने त्याचे इंग्रजी केले. 'आपल्या सुप्रसिद्ध कचेरीचा लौकिक ऐकून' अशी सुरुवात, 'अल्पशी सेवा करण्याची संधी मिळावी' असा मध्य, आणि 'आपली कृपाभिलाषी' असा शेवट. त्या एकाच मजकुराचे चाळीस अर्ज तिने एका रात्रीत ईमेलने पाठविले. घाईत एका कचेरीस दुसऱ्या कचेरीचे नाव गेले, आणि जेथे मुख्य भागीदार बाई होत्या तेथे 'महोदय' असे गेले. चाळीसांपैकी एकाचेही उत्तर आले नाही. आमच्या शाळेत त्या अर्जास दहापैकी नऊ गुण मिळाले असते. कचेरीत त्यास शून्य मिळाले, आणि ते योग्यच होते. कारण त्या अर्जात कचेरीची स्तुती होती, स्वतःची नम्रता होती, पण अर्जदार कोण आणि तिला काय येते, हे कोठेच नव्हते.

पुढे जे घडले ते तिने केले, आम्ही फक्त पाहिले. २०२३ च्या डिसेंबरात ती आमच्या तालुक्याच्या कोर्टातील एका साध्या वकिलांकडे स्वतः गेली आणि म्हणाली, मला काम द्या, प्रमाणपत्र शेवटी बघू. त्यांनी तिच्यापुढे जमिनीच्या एका जुन्या दाव्याचे दप्तर टाकले. सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखते, साऱ्यांचा गोंधळ होता. तिने चार आठवड्यांत ते कागद तारखेप्रमाणे लावले, पृष्ठांक घातले आणि १९५७ च्या कृषकदिनापासूनची तारखांची यादी तयार केली. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळे जमिनीची मालक मानली गेली, हे तिने पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ तिला त्या दप्तरात कळला. यादी करताना एका फेरफारात वारसांच्या नोंदीत भावांची नावे आहेत आणि बहिणीचे नाव गाळले आहे, हे तिच्या ध्यानात आले. वकिलांनी तो मुद्दा स्वतः तपासून घेतला.

पुढल्या वर्षी तिने अर्ज केले ते चाळीस नव्हेत, सहा. प्रत्येक कचेरी कोणत्या प्रकारची कामे घेते, हे तिने तिच्या संकेतस्थळावर वाचले, आणि प्रत्येकीस निराळे पत्र लिहिले. जमीन व इमारतींच्या मालकी हक्काचा तपास करणाऱ्या मुंबईच्या एका कचेरीस तिने लिहिले, की मी ग्रामीण भागातील असून सातबारा व फेरफार मला वाचता येतात, त्यांचा इंग्रजीत सारांश करता येतो, आणि अशा एका दाव्याची तारखांची यादी मी केली आहे. पहिल्या मसुद्यात तिने गावाचे व अशिलाचे नाव लिहिले होते. तालुक्याच्या त्या वकिलांनी ते खोडले आणि बजावले, "बाळ, अशिलाचं नाव कचेरीच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये." त्या एका वाक्यात ती जे शिकली, ते आमच्या चिठ्ठीच्या चार आठवड्यांत शिकली नव्हती.

सहांपैकी चार कचेऱ्या गप्प राहिल्या. दोघांचे उत्तर आले. जमिनीची कामे पाहणाऱ्या कचेरीने दूरध्वनीवर दहा मिनिटे तिची परीक्षा घेतली. सातबाऱ्यावरील 'इतर अधिकार' या रकान्यात काय पाहाल, असे विचारले. ती उत्तरली, आधी बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का ते पाहीन. २०२५ च्या मे महिन्यात तिला चार आठवडे बोलावणे आले.

विद्यार्थी मित्रांनो, यातून जे निघते ते थोडक्यात सांगतो. अर्ज हा तुमचा पहिला मसुदा आहे. जो वाचतो तो दिवसभर मसुदेच वाचत असतो. म्हणून विषयाच्या ओळीतच आपले नाव, वर्ष, महाविद्यालय आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता, हे लिहावे. पत्र एका पानाच्या आत असावे. मी कोण, याच कचेरीत का, मला काय येते आणि ते मी कोठे केले, एवढेच त्यात यावे. 'मला संशोधनाची आवड आहे' हे वाक्य कोणीही लिहितो. 'अमुक विषयावर इतके निवाडे वाचून दोन पानांचे टिपण केले' हे ज्याने केले तोच लिहितो. सोबतचे माहितीपत्रक दोन पानांहून मोठे नसावे, आणि त्या फाइलला आपले नाव द्यावे. ज्याच्या नावे पत्र आहे त्याचे नाव, हुद्दा व कचेरीचे नाव मोठ्याने वाचून पाहावे. न केलेले काम लिहू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

वेळेचेही पथ्य आहे. मोठ्या कचेऱ्यांत जागा थोड्या आणि अर्ज फार. म्हणून तेथे काही महिने अगोदर अर्ज करावा. पुष्कळ मोठ्या कचेऱ्या आपल्या संकेतस्थळावरील नमुन्यातच अर्ज घेतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस अधिक पसंत करतात. कारण पुढे नोकरीस घ्यावयाची माणसे त्यांना त्यांतूनच पारखावयाची असतात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षी तेथून नकार आला तर खचून जाऊ नये. ती वर्षे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, एखादी सेवाभावी संस्था, तालुका व जिल्हा कोर्टातील वकील यांच्याकडे घालवावीत. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील मुलांना तर आणखी एक सोय झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. अपिलांचे काम पाहण्यासाठी त्यांना मुंबईच गाठावी लागेल असे नाही.

एक वही करावी. तीत कचेरीचे नाव, अर्जाची तारीख आणि उत्तर असे रकाने आखावेत. आठ-दहा दिवसांत उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे स्मरण द्यावे. पुन्हा पुन्हा देऊ नये. नकार आला तरी आभाराची ओळ लिहावी. मौनास अपमान समजू नये.

आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांस विशेष सांगणे आहे. इंग्रजी सुधारावेच लागेल, त्यास उपाय नाही. उच्च न्यायालयातील कामकाज इंग्रजीत चालते. परंतु महाराष्ट्रातील जमिनीचे दप्तर, पोलिसांतील फिर्यादी, खालच्या कोर्टातील जबान्या, ही सारी बहुतेक मराठीत असतात, आणि ते कागद वाचून त्यांचे चोख इंग्रजी करणारा माणूस मोठ्या कचेऱ्यांनाही लागतो. जी गोष्ट तुम्ही न्यून म्हणून लपविता, ती कदाचित तुमच्या अर्जातील सर्वांत भक्कम ओळ असेल.

आता पालकांस व संघास दोन शब्द. आमच्या नातीला दुसऱ्या कचेरीचेही बोलावणे आले होते, जून महिन्याचे. ते तिला नाकारावे लागले. कारण मुंबईत राहावयाचे कोठे? मे महिना तिने कल्याणास एका नातलगाकडे काढला. पहाटे उठून लोकलने फोर्टात जाई, रात्री नऊला परत येई. जूनमध्ये त्या घरी पाहुणे आले आणि तिला गावी परतावे लागले. आपल्या संघाची मुंबईत वास्तू आहे. तेथील वसतिगृह मुलांसाठी आहे, आणि उन्हाळ्यात त्याच्या निम्म्या खोल्या कुलपात असतात. मुलींसाठी एकही खोली नाही.

उमेदवारांना बहुधा वेतन नसते, किंवा असले तर नाममात्र असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वकील परिषदेने नवीन कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले; पण ती शिफारस होती, आणि तीही सनद मिळालेल्यांसाठी. विद्यार्थ्यास तिचा लाभ नाही. म्हणजे ज्याचे मुंबईत घर आहे तो उमेदवारी करू शकतो, ज्याचे नाही तो अर्ज करण्यापूर्वीच बाद होतो. हुशारीचा प्रश्न त्यानंतर येतो.

मुलींच्या पालकांस आणखी एक सांगतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी व उमेदवार यांचाही समावेश आहे. मुलीस हे सांगून पाठवावे, आणि तिने काही सांगितले तर तिच्यावर विश्वास ठेवावा. भीतीपोटी तिला घरी बसवू नये. नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डात कायदा शिकून आल्या, तरी स्त्री म्हणून त्यांना कित्येक वर्षे वकिलीची मोकळीक नव्हती; स्त्रियांवरील ती बंदी १९२३ च्या कायद्याने उठली. कायद्याने तेव्हा उघडलेले दार आपण घरातून बंद करावे काय?

आता जे बोलणार आहोत ते ज्ञातिसंमेलनात कोणास रुचेल, कोणास न रुचेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ साली मुंबईस वकिली करू लागले, तेव्हा त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणास शंका नव्हती. परंतु सॉलिसिटर लोक अस्पृश्य म्हणून त्यांच्याकडे कामे देण्यास कचरत. आपल्या माणसाने आपल्या माणसास धरून राहावे, या गोड वाक्याचा दुसऱ्या बाजूने असा अर्थ होतो. आमची चिठ्ठीही त्याच जातीची होती. आम्ही एका बाकावर आमची मुलगी बसविली, तेव्हा तेथे काम करू शकला असता असा कोणाचा तरी मुलगा दारातून परत गेला असेल. तो कोण, हे आम्हांस ठाऊक नाही. म्हणूनच ते अधिक लागते.

मग संघाने काहीच करू नये काय? पुष्कळ करावे. आमची सूचना अशी. संघाने कोणासही शिफारसपत्र देऊ नये. त्याऐवजी मे, जून व डिसेंबर या महिन्यांत मुंबईच्या वास्तूतील रिकाम्या खोल्या उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांस द्याव्यात, त्यांपैकी दोन मुलींसाठी स्वतंत्र राखाव्यात. गरजूंना रेल्वेच्या पासाचे पैसे द्यावेत. ज्ञातीतील वकिलांनी आपल्या कचेरीत किती उमेदवार घेणार व त्यांना कोणते काम देणार, हे दरवर्षी जाहीर करावे, अर्ज सर्वांकडून मागवावेत, आणि काम पाहूनच प्रमाणपत्र द्यावे. आपली मुले आल्यावर खोल्या शिल्लक राहिल्या, तर त्या कोणत्याही ज्ञातीच्या विद्यार्थ्यास द्याव्यात. पुढच्या उन्हाळ्यापुरता दोन खोल्यांच्या डागडुजीचा व पलंगांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ करतो. कार्यकारी मंडळाने तो स्वीकारावा, ही विनंती.

ते जुने प्रमाणपत्र अद्याप आमच्या कपाटात आहे. नातीने ते फाडू दिले नाही. म्हणाली, राहू द्या, पुढच्या मुलांना दाखवायला उपयोगी पडेल. म्हणून ते आज येथे आणले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी समारंभानंतर पाहावे, आणि मगच आपल्या मुलासाठी चिठ्ठी लिहावयास बसावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे अर्ज तुमच्याच हातून लिहिले जावोत आणि त्यांतली प्रत्येक ओळ खरी असो, एवढे चिंतून आम्ही आपली रजा घेतो.